गव्हर्नरपदाच्या वाटेवरचा अर्थतज्ज्ञ : तयारी कशी करावी

रिझर्व्ह बँकेच्या गव्हर्नरपदासाठी परीक्षा नसते. १९३४ च्या कायद्यानुसार ही नेमणूक केंद्र सरकार करते आणि ती एका वेळी जास्तीत जास्त पाच वर्षांची असते. त्यामुळे पदावर डोळा ठेवून आयुष्य आखण्यात हशील नाही. ज्या कामामुळे एखाद्याचे नाव त्या पदासाठी पुढे येते, ते काम शिकणे मात्र आपल्या हातात असते.

हे पद अर्थतज्ज्ञांसाठी राखीव नाही, हेही आधीच समजून घ्यावे. १९४३ मध्ये पहिले भारतीय गव्हर्नर झालेले चिंतामणराव देशमुख, म्हणजे आपल्या महाडजवळच्या नाते गावचे, आयसीएस म्हणजे ब्रिटिशकालीन सनदी सेवेतले अधिकारी होते. शक्तिकांत दास आणि संजय मल्होत्रा हेही प्रशासकीय सेवेतूनच आले.

अर्थशास्त्राच्या वाटेने जायचे असल्यास बारावीनंतर गणित आणि संख्याशास्त्र सोडू नये. पदव्युत्तर शिक्षणासाठी पुण्याची गोखले संस्था, मुंबई विद्यापीठ आणि खुद्द रिझर्व्ह बँकेने गोरेगावात स्थापन केलेली इंदिरा गांधी विकास संशोधन संस्था हे जवळचे पर्याय आहेत. पदवी अर्थशास्त्राचीच हवी असेही नाही. रघुराम राजन मुळात विद्युत अभियंते.

पुढे वाट दुभंगते. बँकेच्या आर्थिक व धोरण संशोधन विभागात ‘ग्रेड बी’ अधिकारी म्हणून थेट भरती होते. काम उत्तम, पण हा जिना बहुधा डेप्युटी गव्हर्नरपदापाशी संपतो. बँकेच्या स्वतःच्या सेवेतून गव्हर्नर झालेले एकटे एम. नरसिंहम, तेही १९७७ मध्ये काही महिन्यांपुरते. दुसरी वाट पीएच.डी., अध्यापन, आंतरराष्ट्रीय नाणेनिधी किंवा अर्थ मंत्रालय अशी फिरून येते. सी. रंगराजन यांनी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली, अहमदाबादच्या आयआयएममध्ये शिकवले आणि १९८२ पासून सुमारे नऊ वर्षे डेप्युटी गव्हर्नर म्हणून काढली. सरकारची तूट रिझर्व्ह बँकेने तात्पुरत्या ट्रेझरी बिलांद्वारे, म्हणजे सरकारच्या अल्पमुदतीच्या कर्जरोख्यांद्वारे, आपोआप भरून देण्याची जुनी पद्धत टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार १९९४ मध्ये, ते गव्हर्नर असताना झाला. सरकारला ‘नाही’ म्हणायचे आणि तरीही त्याची सही मिळवायची, हे कसब पाठ्यपुस्तकात सापडत नाही. म्हणून हा प्रसंग बारकाईने अभ्यासावा.

रोजच्या सरावासाठी पतधोरण समितीचे, म्हणजे व्याजदर ठरवणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या समितीचे, इतिवृत्त पुरेसे आहे. सहा सदस्यांपैकी कोणी काय मत दिले आणि का दिले, हे बैठकीनंतर चौदाव्या दिवशी प्रसिद्ध होते. सुरुवात मे २०२२ च्या बैठकीपासून करावी. ठरलेल्या वेळापत्रकाबाहेर झालेल्या त्या बैठकीनंतर ४ मे रोजी रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक इतर बँकांना ज्या व्याजाने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, ४ वरून ४.४० टक्के झाला. महागाईचे लक्ष्य ४ टक्के, दोन्ही बाजूंना २ टक्क्यांची मुभा. सलग तीन तिमाह्या ही मर्यादा ओलांडली गेली, तर बँकेला सरकारकडे लेखी कारणे द्यावी लागतात, आणि त्याच वर्षी ती वेळ आली. इतिवृत्त उघडण्यापूर्वी त्या दिवशी उपलब्ध असलेल्या आकडेवारीवरून स्वतःचे मत एका पानात लिहून काढावे. दुसऱ्या पानावर, गृहकर्जाचा हप्ता वाढलेल्या शेजाऱ्याला तोच निर्णय सोप्या मराठीत समजावून सांगावा. बहुतेकांचा पेन अडतो तो या दुसऱ्या पानावर.