गाडीला इंजिन हीटर लागतो का? कोल्हापूरच्या थंडीत काय करावं, आणि लाहौलला निघालात तर काय

भाच्यानं कॅनडातल्या एडमंटनहून गाडीचा फोटो पाठवला. बॉनेटवर वीतभर बर्फ, आणि पुढच्या जाळीतून एक काळी वायर लोंबतेय, टोकाला तीन पिनांचा प्लग. आमच्या वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, इलेक्ट्रिक गाडी घेतली वाटतं!" गाडी साधी पेट्रोलची. ती वायर इंजिन हीटरची. रात्री घरच्या प्लगला जोडायची, सकाळी इंजिन कोमट मिळतं.

तो फोटो फिरत फिरत आमच्या राजारामपुरीतल्या शेजाऱ्यांकडं गेला आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न आला, "आपल्याकडं बसवून मिळतो का हो? माझी पण जानेवारीत सकाळी लई कुरकुरते." हा लेख त्या प्रश्नासाठी.

आधी कुठला हीटर ते ठरवा

गॅरेजमध्ये 'हीटर' म्हटलं की तिघं तीन गोष्टी समजतात. एक, एसीचं बटण लाल बाजूला फिरवल्यावर आत गरम हवा देणारा. तो इंजिनच्याच उष्णतेवर चालतो, इंजिन सुरू करायला त्याची मदत नाही. दुसरा, डिझेल गाडीचा हीटर प्लग. डिझेलला ठिणगी नसते, दाबलेल्या हवेच्या उष्णतेनंच ते पेटतं. थंड इंजिनात ही उष्णता कमी पडू नये म्हणून आतली छोटी कांडी तापते. किल्ली फिरवल्यावर डॅशबोर्डवर स्प्रिंगसारखं पिवळं चिन्ह दिसतं ते त्याचं. ते विझेपर्यंत थांबून मग सेल्फ मारायचा. निम्मी माणसं एवढंही थांबत नाहीत, आणि थंडीला शिव्या देतात.

तिसरा म्हणजे फोटोतला, ब्लॉक हीटर. इंजिन ब्लॉकच्या अंगाला पत्र्याच्या गोल टोप्या ठोकलेल्या असतात, त्यातली एक काढून तिथं गिझरच्या कॉइलसारखी कॉइल बसवतात आणि ती ब्लॉकमधलं कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायला त्यात फिरणारं पाणी, तापवते. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या अँड्र्यू फ्रीमन यांनी १९४९ साली याच्या एका प्रकाराचं पेटंट मिळवलं. इंजिनच्या हेडचा, म्हणजे वरच्या झाकणाचा, एक बोल्ट काढून त्या जागी तापणारा बोल्ट घालायचा, एवढीच युक्ती. आपल्या उद्यमनगरातल्या कुणालाही पटेल असं डोकं.

मग थर्मामीटर बघा

कॅनडात पारा उणे १५ अंशांच्या खाली गेला की लोक वायर जोडायला लागतात. सायबेरियातल्या याकुत्स्कमध्ये तर जानेवारीत उणे ४० नेहमीचं; तिथं बाजारात गेलेला माणूस गाडी बंदच करत नाही. कोल्हापुरात थंडीतलं किमान तापमान साधारण १४-१५ अंश असतं, लाट आली तर १०-१२. पन्हाळ्यावर पहाटे हुडहुडी भरते ती माणसाला, इंजिनला नाही. त्यामुळं शेजाऱ्यांना उत्तर सोपं होतं: ब्लॉक हीटर नको. पैसे ठेवा, आणि कुरकुर कुठली ते आधी शोधू.

कोल्हापुरात गाडी सकाळी कुरकुरत असेल तर

माझंच सांगतो. काही वर्षांपूर्वी जानेवारीत माझी गाडी सकाळी नुसती 'टक्' करायची. एका गॅरेजवाल्यानं आधी नवी बॅटरी गळ्यात मारली, मग सेल्फ उतरवायला निघाला. शेवटी एका म्हाताऱ्या मेस्त्रींनी बॉनेट उघडलं आणि हातानंच मायनसचं टर्मिनल गोल फिरवून दाखवलं. ढिलं होतं. "साहेब, गाडीला थंडी न्हाई वाजत, नट सैल हाय." दहाचा पाना, अर्धा मिनिट. जुनी बॅटरी तोवर भंगारात गेली होती.

म्हणून क्रम असा ठेवा. अंधारात हेडलाइट लावा आणि सेल्फ मारा. दिवे एकदम मंदावले तर बॅटरी उतरलेली. दिवे तसेच लख्ख आणि नुसता टक् आवाज, तर सेल्फमध्ये किंवा त्याच्या वायरीत दोष. सेल्फ मारताच दिवे पार गेले आणि किल्ली सोडल्यावर परत आले तर टर्मिनल हलवून बघा. मीटर असेल तर रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर लावा: १२.६ व्होल्ट म्हणजे भरलेली, १२.२ म्हणजे जेमतेम अर्धी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली घसरला तर बॅटरी संशयित.

टर्मिनलवर पांढरा-हिरवा फुलोरा आला असेल तर आधी मायनस सोडवा, नंतर प्लस. कोमट पाण्यात खाण्याचा सोडा घालून जुन्या ब्रशनं घासा, फेस येईल तो येऊ द्या, पुसून कोरडं करा. लावताना उलटं, प्लस आधी. नट आवळल्यावर वरून व्हॅसलीनचा हात फिरवा. कुरकुरणाऱ्या बऱ्याच गाड्या इथंच गप्प होतात.

गाडी सुरू झाल्यावर दारात पाच-दहा मिनिटं घुरघुरत ठेवायची सवय मात्र सोडा. अर्धा-एक मिनिट पुरे. मग निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर रेस न करता चालवा. चालती गाडी उभ्या गाडीपेक्षा लवकर तापते.

आपल्याकडची एक खोड इथंच सांगतो. उन्हाळ्यात गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणारे मेस्त्री अजून आहेत. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडं न सोडणारा दरवाजा. तोच नाही म्हटल्यावर थंडीत इंजिन तापायला वेळ लागतो, डिझेल जास्त जातं, आतला हीटरही कोमट हवा मारतो. तुमच्या गाडीतून तो काढलाय का, हे विचारून घ्या. काढला असेल तर नवा बसवा, फार महाग नसतो.

पण गाडी घेऊन हिवाळ्यात हिमाचलातल्या लाहौलला निघालात तर

हा प्रश्न आता खरा आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा सुरू झाला, रोहतांग खिंड टळली, आणि मनालीहून लाहौलमधल्या केलांगकडं भर थंडीतही जाता येऊ लागलं. कोल्हापूरची एमएच-०९ ची गाडी बर्फात उभी करून फोटो टाकायची हौस आपल्या लोकांना आहेच. तिकडं रात्री पारा शून्याच्या दहा-पंधरा अंश खाली जातो. निघण्याआधी गाडी या क्रमानं तयार करा.

कूलंट सगळ्यात आधी, कारण इथली चूक इंजिनच फोडते. आपल्याकडं रेडिएटरमध्ये वरचेवर नळाचं पाणी ओततात. कोल्हापुरात ते चालून जातं. पण पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगतं, आणि ओतीव लोखंडाचा ब्लॉकही त्यापुढं तडकतो. जुनं सगळं काढा, आतून धुवा, आणि कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं भरा. असं मिश्रण साधारण उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. जास्त घातलं की जास्त चांगलं, असं इथं नाही: कूलंटमधलं मूळ रसायन, निव्वळ ग्लायकॉल, उणे १३ च्या आसपासच गोठतं. तयार मिसळलेलं कूलंट घेतलं असेल तर त्यात पुन्हा पाणी घालू नका.

मग ऑइल. डब्यावर ५डब्ल्यू-३० असं लिहिलेलं असतं, त्यातला डब्ल्यू हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा जितका लहान, तितकं ऑइल थंडीत पातळ. १५डब्ल्यू ची सुरू होण्याची कसोटी उणे २० अंशांना घेतात, ५डब्ल्यू ची उणे ३० ला. गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू चालतं असं लिहिलेलं असेल तर तेच भरून निघा.

बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर ती इथंच बदला. उणे १८ ला तिची ताकद निम्म्यावर येते, आणि नेमकं तेव्हाच घट्ट झालेलं इंजिन फिरवायला जास्त जोर लागतो. शिवाय पूर्ण उतरलेली बॅटरी उणे ७ च्या आसपासच गोठते. भरलेलीला तो धोका नाही. कडक रात्री तिकडचे चालक बॅटरी सोडवून खोलीत नेतात. पाना सोबत ठेवा.

डिझेलवाल्यांनी एक गोष्ट पाठच करावी: कोल्हापुरात भरलेलं डिझेल घेऊन वर चढू नका. थंडीत डिझेलमधलं मेण सुटतं, फिल्टर तुंबतो आणि गाडी ढिम्म. दुधावर साय धरावी तसं ते दिसतं. टाकी जवळपास रिकामी करत मनालीला पोचा आणि तिथं भरा. इंडियन ऑइलनं लडाख, केलांग, काझासारख्या भागांसाठी नोव्हेंबर २०१९ मध्ये हिवाळी डिझेल आणलं, ते उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहतं. पंपावर नावानिशी विचारा. रॉकेल मिसळायचा जुना सल्ला मिळेल, तो ऐकू नका. नव्या गाड्यांचा पंप डिझेलच्याच चिकटपणावर वंगण घेतो, रॉकेलनं तो खरवडून निघतो.

आणि हीटर?

दोन-चार रात्रींसाठी नको. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तो कंपनीकडून मिळत नाही. मिळवलात तरी चारशे ते हजार वॅटचा हीटर होमस्टेच्या नाजूक वायरिंगला रात्रभर लावणं म्हणजे यजमानाच्या घरात अंधार करणं. नोकरीनिमित्त लेहला हिवाळाभर राहणार असाल आणि गाडी उघड्यावर असेल, तर विचार करा. पण तेव्हाही तो इंजिनच्या मॉडेलचाच घ्या, आणि रात्रभर न लावता टायमरनं पहाटे तीन तास. सहाशे वॅटचा हीटर तेवढ्यात दोन युनिटसुद्धा खात नाही.

हीटरविना करायचं ते असं. गाडी भिंतीच्या आडोशाला, तोंड पूर्वेला करून लावा, म्हणजे सकाळचं ऊन थेट बॉनेटवर येतं. हँडब्रेक ओढू नका, गोठून धरून बसतो. गिअरमध्ये टाका आणि चाकामागं दगड लावा. वायपर काचेवरून उचलून ठेवा. बॉनेटवर घोंगडं टाकलंत तर सुरू करण्याआधी काढायला विसरू नका. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त मारू नका, मध्ये मिनिटभर थांबा. डिझेल असेल तर हीटर प्लगचा दिवा दोनदा येऊ-विझू द्या. कुणी ट्रकवाला इंजिनच्या ऑइल चेंबरखाली शेकोटी पेटवून देतो म्हणाला तर हात जोडा. जुन्या लोखंडी ट्रकखाली ते निभावत असेल, तुमच्या गाडीखाली प्लॅस्टिकच्या नळ्या आणि वायरी आहेत.

परत आल्यावर कूलंट काढू नका, ते इथंही हवंच. ऑइलही पुढच्या सर्व्हिसिंगपर्यंत राहू द्या. गाडी फक्त खालून प्रेशरनं धुऊन घ्या. तिकडची वाळू आणि चिखल ब्रेकच्या मागच्या पत्र्यात जाऊन बसतो आणि तावडे हॉटेलच्या चौकात ब्रेक दाबला की कर्र वाजतो.