अमेरिकेत पदवीसाठी जाताय? फ्रॅटर्निटी-सोरोरिटीत शिरताना या चुका टाळा

फ्रॅटर्निटी म्हणजे कॉलेजातल्या मुलांची संघटना, सोरोरिटी म्हणजे मुलींची. एमएससाठी निघालेल्यांनी यात वेळ घालवू नये. ग्रीक अक्षरांच्या बहुतेक सामाजिक संघटना पदवीच्या विद्यार्थ्यांनाच घेतात. नावात ग्रीक अक्षरं दिसली की सगळं एकच, हाही गैरसमजच. फाय बीटा कॅपा ही १७७६ सालची संस्था आज गुणवत्तेवर सभासद निवडते, तर अल्फा कॅपा साय व्यवसायाशी जोडलेली आहे आणि तिथे मुलं-मुली एकत्र असतात. कोणती संघटना कुठल्या प्रकारची, ते आधी पाहा.

पहिली चूक तारखांची. अलाबामासारख्या दक्षिणेकडच्या विद्यापीठांत सोरोरिटींची मुख्य भरती ऑगस्टमध्ये, वर्ग सुरू होण्याआधीच उरकते. नोंदणी त्याहून आधी बंद होते. वर्गाची तारीख बघून विमानाचं तिकीट काढलं की वर्ष गेलं. एफ-१ व्हिसावर आय-२० मधल्या (विद्यापीठाने व्हिसासाठी दिलेल्या कागदातल्या) अभ्यासक्रम सुरू होण्याच्या तारखेच्या ३० दिवस आधीपासूनच अमेरिकेत शिरता येतं, हेही हिशेबात धरा. काही ठिकाणी भरती जानेवारीत असते. भरतीसाठी बारावीचे टक्के जीपीएत (गुणांच्या सरासरीत) कसे धरतात, ते विद्यापीठाच्या ग्रीक लाइफ कार्यालयाला (या संघटनांचं काम पाहणाऱ्या) ईमेल करून नोंदणीआधीच विचारा.

सगळ्यात महागात पडते ती शेवटच्या दिवसाची सही. नॅशनल पॅनहेलेनिक कॉन्फरन्स या सोरोरिटींच्या राष्ट्रीय गटातल्या सोरोरिटींची भरती फेऱ्याफेऱ्यांनी होते. दोन्ही बाजू पसंती देतात आणि यादी आक्रसत जाते. प्रेफरन्स फेरीत, म्हणजे शेवटच्या फेरीत, सहसा दोनच घरं (चॅप्टर, म्हणजे त्या कॅम्पसवरच्या सोरोरिटींच्या शाखा) उरतात, आणि ती संपताच पसंतीक्रमाच्या करारावर सही करावी लागते. इथे मुली दोन उलट चुका करतात. एक, नको असलेल्या चॅप्टरचं नावही 'असू दे' म्हणून लिहितात. त्याच चॅप्टरची बिड (सभासद होण्याचं निमंत्रण) आली आणि नाकारली, तर त्या कॅम्पसवर पुढच्या वर्षीच्या मुख्य भरतीपर्यंत या गटातली दुसरी कोणतीही सोरोरिटी घेऊ शकत नाही. दुसरी चूक म्हणजे हट्टाने एकच नाव लिहिणं. बोलावलेल्या सगळ्या फेऱ्यांना जाऊन उरलेली सगळी नावं लिहिणाऱ्या मुलीला जागा मिळवून देण्याची सोय बहुतेक मोठ्या कॅम्पसवर असते. एकच नाव लिहिलं की ती सोय संपली. फेऱ्यांमधली एखादी पार्टी (भेटीचा कार्यक्रम) कंटाळा आला म्हणून चुकवली, तरी तेच.

बिड आलीच नाही तर मात्र करार आड येत नाही. जागा शिल्लक असलेले चॅप्टर नंतर खुली भरती करतात, तिथे लगेच जाता येतं. शंका असेल तर सही करण्याआधी रिक्रूटमेंट काउन्सेलरला (भरतीत मार्गदर्शन करणाऱ्या सोरोरिटीतल्याच विद्यार्थिनीला) विचारा. भरतीच्या काळात ती स्वतःच्या सोरोरिटीपासून अलिप्त असते, म्हणून तिचा सल्ला चॅप्टरमधल्या मैत्रिणीच्या सल्ल्यापेक्षा भरवशाचा.

मुलांची रश, म्हणजे फ्रॅटर्निटींची भरती, ढिली असते. एकाहून जास्त बिड येऊ शकतात, म्हणून पहिल्याच रात्री होकार देऊ नका.

पैशांबाबत फक्त 'ड्यूज (सभासद शुल्क) किती?' एवढंच विचारणं अपुरं आहे. नव्या सभासदाचं पहिलं सत्र जादा शुल्कामुळे सहसा सर्वांत महाग पडतं. शिवाय जेवणाचा करार, गैरहजेरीचे दंड, आणि पुढे एखादं वर्ष चॅप्टरच्या घरात राहायची सक्ती. सगळं लेखी मागा. कॅम्पसवरच्या नोकरीतून भागेल असं धरू नका. एफ-१ वर सत्र चालू असताना आठवड्याला २० तासांचीच मुभा आहे.

हेझिंग, म्हणजे नव्या सभासदांचं रॅगिंग. 'तू स्वतः तयार झालास ना?' हा युक्तिवाद अनेक राज्यांच्या कायद्यात चालत नाही. डिसेंबर २०२४ च्या स्टॉप कॅम्पस हेझिंग ॲक्टनुसार विद्यापीठाला दोषी ठरलेल्या संघटनांची माहिती जाहीर करावी लागते. तो अहवाल बिड घेण्याआधी वाचा. दारूचं वय २१ आहे. पिऊन गाडी चालवताना अटक झाली, तर दोष सिद्ध होण्याआधीच व्हिसा रद्द होऊ शकतो.

टेक्सासमध्ये ऑस्टिनला १९९८ साली सुरू झालेल्या डेल्टा एप्सिलॉन साय (मुलांची) आणि कॅपा फाय गॅमा (मुलींची) या दक्षिण आशियाई संघटना. अशा संघटनांचं वेळापत्रक वेगळं असतं, त्यामुळे मोठ्या भरतीची मुदत हुकली तरी इथे चौकशी करा. पण देशी मुलं आहेत म्हणून हेझिंगचा अहवाल वाचायचा राहू देऊ नका.