रोबोटिक्स स्पर्धेतून दोन वस्त्यांतल्या मुलांची दोस्ती करायचीय? मग या चुका टाळा

रोबोटिक्सची स्पर्धा ठेवू, वेगवेगळ्या वस्त्यांमधली, वेगवेगळ्या धर्मांची पोरं एकत्र येतील, आपोआप दोस्ती होईल, असं म्हणून बरेच शिक्षक आणि संस्थावाले उत्साहात कामाला लागतात. पण आपोआप काही होत नाही. उलट स्पर्धा नीट आखली नाही तर आधी नव्हतं तेवढं वाजतं.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे शाळेप्रमाणे टीम पाडणं. मुंबईत पालिकेच्या काही इमारतींत मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळा एकाच छपराखाली भरतात, आता तिथे एक टीम मराठीवाल्यांची, एक उर्दूवाल्यांची आणि लावा मॅच, मग स्कोअरबोर्डवर पोरांना काय दिसणार सांगा! मुझफ्फर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमात हेच करून बघितलं होतं. ११-१२ वर्षांच्या मुलांचे दोन गट केले, बक्षिसं लावून स्पर्धा घेतल्या, तर पोरं एकमेकांचे झेंडे जाळायला लागली, आणि एकत्र जेवायला बसवलं तर तिथेही अन्न फेकाफेकी. म्हणजे समोसा पार्टीवर भिस्त ठेवू नका. ती पोरं निवळली कधी, तर कॅम्पचं पाणी बंद पडलं (बंद पाडलं होतं संशोधकांनीच) आणि सगळ्यांना मिळून शोधाशोध करावी लागली, बंद ट्रक दोरीने एकत्र ओढावा लागला, असं दोनचार वेळा झालं तेव्हा.

म्हणून टीम मिक्सच करा. शाळा त्याला तयार नसेल तर फर्स्ट ग्लोबल या देशोदेशीच्या शाळकरी मुलांच्या रोबोटिक्स स्पर्धेची पद्धत उचला. २०१७ मध्ये वॉशिंग्टनला त्यांची पहिली स्पर्धा झाली, प्रत्येक देशाची एकच टीम, पण मॅच तीन देश विरुद्ध तीन देश, आणि पार्टनर दर मॅचला बदलतात. आत्ता ज्याला हरवलं तोच पुढच्या मॅचला आपल्या बाजूने असू शकतो, त्यामुळे कुणाशी कायमचं वाकडं घेणं परवडत नाही.

दुसरं, खेळ कोणता ठेवताय ते बघा. आपल्याकडे उठसूट लाइन फॉलोअर (टेपच्या रेषेवरून चालणारा रोबो) नाहीतर रोबो-वॉर (रोबोंची मारामारी). लाइन फॉलोअरमध्ये एक हुशार पोरगा सगळं करतो आणि बाकीचे टेप चिकटवतात, आणि दोस्ती करायला जमलेल्या पोरांना रोबो-वॉर द्यायचं म्हणजे कमालच झाली. त्यापेक्षा असा टास्क द्या की एका रोबोने ब्लॉक उचलायचा आणि दुसऱ्याच्या हातात द्यायचा, दोघांचं टायमिंग जुळलं तरच पॉइंट.

आता ज्या चुकीकडे कुणाचंच लक्ष जात नाही ती. टीम मिक्स झाली, फोटो छान आला, पण लॅपटॉप कुणाकडे? ज्याच्या घरी आधीपासून लॅपटॉप आहे, ज्याला इंग्रजी येतं त्याच्याकडे. दुसऱ्या शाळेची पोरं स्क्रू मोजतायत नाहीतर पोस्टर रंगवतायत. गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच लिहून ठेवलंय की नुसतं एकत्र येऊन पूर्वग्रह जात नाहीत, दोघांचा दर्जा सारखा लागतो, ध्येय एक लागतं, सहकार्य लागतं आणि वरच्यांचा पाठिंबा लागतो. इथे पहिल्याच अटीला बोंब! यावर उपाय मानसशास्त्रज्ञ एलियट अ‍ॅरन्सनचा, १९७१ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनच्या शाळांत वापरलेला: धड्याचा एकेक तुकडा एकेका मुलाला द्यायचा, बाकीच्यांना तो त्याच्याकडूनच शिकावा लागतो. तसंच सेन्सर एकीला शिकवा, मोटर ड्रायव्हर (मोटर चालवणारं सर्किट) दुसऱ्याला, कोडिंग तिसऱ्याला, आणि मग त्यांनीच एकमेकांना शिकवायचं. कीबोर्ड वीस मिनिटांनी दुसऱ्याकडे, घड्याळ लावून. फर्स्ट लेगो लीग या लेगो रोबोंच्या स्पर्धेत मॅच अडीच मिनिटांची असते आणि टेबलापाशी एका वेळी मोजकीच मुलं, ती मिक्स ठेवा.

भाषेचं टेन्शन नको, मोटर, सेन्सर, गिअर सगळीकडे सारखेच आणि बाकी पोरांची बंबईया हिंदी आहेच.

टाइमटेबल मात्र बघा. शुक्रवारी दुपारी नमाजच्या वेळेला प्रॅक्टिस, रमजानमध्ये संध्याकाळी उशिरापर्यंत सराव, गणपतीत फायनल, असं झालं की गळती लागते आणि मग आपणच म्हणतो "त्यांना इंटरेस्टच नाही". प्रॅक्टिसची जागाही आलटून पालटून ठेवा, नाहीतर एकजण कायम पाहुणा.

बॅनरवर "एकता टीम" वगैरे लिहू नका हो, पोरांना रोबोटसाठी यायचंय, नमुना म्हणून मिरवायला नाही.

शहरात तणाव झाला, व्हॉट्सअ‍ॅपवर नको ते फिरायला लागलं की पालकांचे फोन येणारच. त्या दिवशी ओळख करून घ्यायला गेलात तर उशीर झालेला असतो, म्हणून आईवडिलांना पहिल्याच आठवड्यात लॅबमध्ये बोलवा आणि दोन्ही बाजूंचा एकेक मेंटर ठेवा. विषय निघालाच तर गप्प करू नका, पण भाषणही नको.

आणि ट्रॉफी मिळाली की दुकान बंद करायचं, ही शेवटची चूक. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट या एकमेकांशी वाकडं असलेल्या दोन ख्रिस्ती पंथांच्या मुलांना एकत्र सुट्टीला अमेरिकेला नेत असत, पण तिथल्या बेलफास्ट शहरात परत आली की पुन्हा वेगळी वस्ती, वेगळी शाळा, त्यामुळे संबंध टिकवणं अवघडच जायचं. १९८१ मध्ये २८ मुलांवर लॅगन कॉलेज ही दोघांची मिळून शाळा सुरू झाली, आणि २०१६ मध्ये तर वेगवेगळ्या शाळांनी मुलांना एकत्र शिकवावं यासाठी कायदाच झाला. आपण निदान एवढं करू शकतो की शाळेत अटल टिंकरिंग लॅब (सरकारी योजनेतली रोबो वगैरे बनवायची प्रयोगशाळा) असेल तर ती शेजारच्या शाळेला आठवड्यातून एक दिवस उघडी ठेवायची आणि यंदाच्या मिक्स जोड्यांनाच पुढच्या वर्षी सहावीच्या पोरांना शिकवायला बसवायचं, दहावीचं वर्ष आहे म्हणून पालक कुरकुरतील, तर आठवी-नववीच्या जोड्या घ्या.