सुट्टीला निघताय? घाईतल्या या चुका टाळा

गॅस बंद करायचा असतो आणि टायरमधली हवा बघायची असते, हे कोणाला माहीत नसतं? तरीही सुट्टीत नेमकं तेच राहून जातं, कारण ही कामं आपण निघायच्या आधीच्या तासाभरात कोंबतो. तेव्हा मुलं दारात उभी असतात, एकाचा चार्जर सापडत नसतो आणि ‘उशीर होतोय’ हे पालुपद चालू असतं. म्हणून पहिली चूक वेळापत्रकाचीच. गाडी आणि घर आदल्या दिवशी दुपारीच बघून घ्या.

रात्री जागून बॅगा भरायच्या आणि पहाटे गाडी काढायची

रस्ता मोकळा मिळतो म्हणून हा बेत सगळ्यांना आवडतो. माझ्या मते सुट्टीतला सर्वांत धोकादायक बेत हाच. मध्यरात्रीनंतर ते पहाटेपर्यंत शरीराची झोपेची ओढ सर्वाधिक असते. दुपारी दोन ते चारच्या सुमारास ती पुन्हा डोकं वर काढते. सलग १७ तास जागलेल्या माणसाची प्रतिक्रिया थोडी दारू प्यायलेल्या माणसाइतकी मंदावते. ताशी १०० किलोमीटर वेगात गाडी सेकंदाला जवळपास २८ मीटर जाते. चार सेकंदांची डुलकी लागली, तर शंभर मीटरहून जास्त रस्ता कोणीही न बघता मागे पडतो.

काच खाली करणं, गाणी मोठ्यानं लावणं, तोंडावर पाणी मारणं यांनी झोप जात नाही, फक्त जरा वेळ हुशारी वाटते. मागचे दोन-तीन किलोमीटर आठवत नसतील किंवा गाडी सारखी लेनबाहेर सरकत असेल, तर सुरक्षित जागी थांबा. कॉफी पिऊन लगेच १५-२० मिनिटं झोपा. कॉफीचा परिणाम सुरू व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, त्यामुळे दोन्हींचा फायदा एकदम मिळतो. शक्य असेल तर चालक बदला. आणि शेजारी बसलेल्याने झोपू नये, हा नियम घरातल्या ज्येष्ठांनाही लागू!

गरम टायरची हवा कमी करायची

बरंच अंतर चालवल्यावर हवा तपासली की आकडा जास्त दिसतो, कारण टायर तापलेला असतो. ती ‘जास्तीची’ हवा सोडून दिली, तर थंड झाल्यावर टायरमध्ये हवा कमी पडते. कमी हवेचा टायर जास्त दबतो, तापतो आणि वेगात असताना फुटू शकतो. प्रवासाला निघायच्या आधी, टायर थंड असतानाच हवा तपासा. भरलेल्या गाडीसाठीचा आकडा वेगळा असतो. बहुतेक गाड्यांत तो चालकाच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला असतो. स्टेपनीही विसरू नका. टायर फुटलाच, तर ब्रेकवर जोरात पाय देऊ नका. स्टीअरिंग घट्ट धरून गाडी सरळ ठेवा, अॅक्सिलरेटर हळूहळू सोडा आणि वेग उतरला की कडेला घ्या.

मागच्या सीटवर पट्टा न लावणं ही तर जुनीच खोड. धडकेत मागचा माणूस पुढच्या सीटवर आदळतो आणि पट्टा लावलेल्या पुढच्यालाही जखमी करतो. मांडीवरचं मूल हातांनी धरून राहत नाही, कितीही घट्ट धरलं तरी. मागच्या काचेजवळ ठेवलेल्या जड वस्तूही अशाच पुढे येतात, त्या डिकीत टाका. आणि ‘दोन मिनिटांत आलो’ म्हणत मुलाला बंद गाडीत सोडू नका. उन्हात पहिल्या दहा मिनिटांतच आतलं तापमान साधारण १० अंशांनी चढतं. काच थोडी उघडी ठेवून फारसा फरक पडत नाही.

परतल्यावर आधी दिवा लावायचा

बंद घराचं दार उघडताच हात सवयीनं बटणाकडे जातो. आधी वास घ्या. गॅसचा वास आला, तर कोणतंही बटण चालू करू नका आणि बंदही करू नका, कारण दोन्हींत ठिणगी पडू शकते. एक्झॉस्ट पंखाही नको. दारं-खिडक्या उघडा, सहज हात पोहोचत असेल तर गॅस बंद करा, सगळ्यांना बाहेर काढा आणि फोन बाहेर जाऊनच लावा. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असल्यानं जमिनीलगत साचतो; पाइपने येणारा नैसर्गिक वायू हलका असल्यानं वर छताकडे जातो. त्यामुळे उभ्या-उभ्या वास आला नाही, तरी सिलिंडर असलेल्या घरात खाली वाकून खात्री करून घ्या. अर्थात निघतानाच रेग्युलेटर बंद केला असेल, तर ही वेळ सहसा येत नाही.

पाण्याचा मुख्य व्हॉल्व्हही तेव्हाच बंद करा. प्रवासाचे फोटो परतल्यावर टाका, घर रिकामं असल्याची जाहिरात कशाला?

पेटत्या तेलावर पाणी ओतायचं

सुट्टीत घरीच राहणाऱ्यांनाही घाई सुटत नाही. पाहुणे बाहेर, कढई गॅसवर आणि स्वयंपाकघरात कोणीच नाही! तेल पेटलं की पहिला हात पाण्याकडे जातो. पाणी तेलाखाली जातं, क्षणात त्याची वाफ होते आणि वाफेचं आकारमान पाण्याच्या सुमारे १,७०० पट असतं. ती वाफ पेटतं तेल चहूकडे उडवते. आच बंद करा, कढईवर धातूचं झाकण सरकवा आणि पूर्ण गार होईपर्यंत ते उचलून बघू नका. पेटती कढई उचलून बाहेर नेणं तर मुळीच नको. आग झाकणाखाली मावत नसेल, तर स्वयंपाकघराचं दार ओढून घ्या, सगळ्यांना घेऊन बाहेर पडा आणि अग्निशमन दलाला बोलवा.