विंचची दोरी: ग्लायडर उडवणाऱ्यांनी कोणती घ्यायची अन् कशी सांभाळायची

आमच्याकडे आर्वीच्या बाजूला पऱ्हाटी काढून झाली की वावरं मोकळी होतात आणि तिथून मृग लागेपर्यंत आम्ही चार-पाच जण दर रविवारी रेडिओवाले ग्लायडर उडवून राहिलो, काही वर्षं झाली आता. नवीन पोट्टे येतात ते विचारतात भाऊ ग्लायडर कोणतं घेऊ, रेडिओ कोणता घेऊ, मोटर कुठची लावली, पण दोरीचं कोणीच विचारत नाही. आणि माझ्या डोळ्यासमोर जेवढी विमानं खाली आपटली त्यातली निम्मी तरी दोरीपायी आपटली. म्हणून आज फक्त दोरीवर लिहून राहिलो, सगळं एका जागी.

ज्यांनी विंच पाहिलाच नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. जुन्या जीपची नाहीतर कारची स्टार्टर मोटर, तिला लोखंडी ड्रम, १२ व्होल्टची बॅटरी आणि पायाने दाबायचं बटन. दोरी ड्रमवरून निघते, समोर जिकडून वारा येतो तिकडं खुट्याला ठोकलेल्या पुलीला वळसा घालून परत विंचपाशी येते आणि तिच्या टोकाची कडी ग्लायडरच्या पोटाखालच्या हुकात अडकते. बटन दाबलं की ग्लायडर पतंगासारखं वर चढतं आणि पुलीच्या डोक्यावर गेलं की कडी सुटते. एफ-थ्री-बी म्हणून जो आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा प्रकार आहे त्यात पुली विंचपासून २०० मीटरच्या पुढे नेता येत नाही, म्हणजे जाऊन-येऊन ४०० मीटर दोरी, वर ड्रमवर कायम राहणारे वेढे धरून ४२० घ्या. पण एवढं लांब वावर सगळ्यांकडं नसतं, पाच एकराचं चौकोनी वावर असलं तर त्याची बाजू भरते १४० मीटरच्या आसपास, तेव्हा पुली १२० वर ठोका आणि २५० मीटर दोरीत काम भागवा. दोन मीटर पंखाच्या ग्लायडरला तेवढी उंची पुरते, उगा शेजाऱ्याच्या गव्हात खुटा ठोकायला जाऊ नका.

आता दोरी कोणती. दोन जाती आहेत, एक तंगूस म्हणजे एकाच धाग्याचं नायलॉन, मासे धरायला वापरतात तेच पण जाड, आणि दुसरी विणलेली दोरी, गवंडी ओळंब्याला अन् लाईनला वापरतो तशी. तंगूस ताणलं की चांगलं लांबतं आणि ती ताकद धरून ठेवतं, वर गेल्यावर विमान जरासं खाली झुकवून परत नाक वर केलं की दोरीतला सगळा ताण विमानाला वेग देतो आणि ते बाणासारखं अजून वर जातं. स्पर्धावाले त्याच्याचसाठी तंगूस वापरतात. विणलेली दोरी, त्यातही पॉलिस्टरची, कमी लांबते, हाताला मऊ, ड्रमवर शहाण्यासारखी बसते, गुंता झाला तरी सुटतो, पण आपल्या काळ्या मातीत तिचे धागे झिजतात आणि ढेकळातली बारीक माती विणीच्या आत शिरून आतूनच घासत राहते, वरून दोरी चांगली दिसते. नवशिक्यांनी लाकडी ग्लायडरसाठी विणलेली पॉलिस्टर घ्यावी असं माझं मत आहे, कारण तिच्यात हात बसतो. फायबरचं मजबूत विमान आलं की तंगूसवर या.

ती महागडी चमकणारी अतिमजबूत दोरी मिळते ना, डायनीमा म्हणतात ती, ती मी विंचवर वापरत नाही. ताकद भरपूर पण लांबतच नाही, सगळा झटका पंखावर येतो, गाठ तिच्यावर सरकते आणि १५० अंशाच्या आसपासच वितळते म्हणून घासली की लवकर जाते. आणि तारेचा तर विचारच करू नका, स्पर्धेतसुद्धा दोरी धातूची चालत नाही आणि आपल्या वावरांवरून पंपाच्या लाईनी गेलेल्या असतात.

जाडीचा हिशोब नीट समजून घ्या कारण इथंच लोक चुकतात. दोरीची ताकद जाडीच्या वर्गाने वाढते. १ मिलिमीटरचं चांगलं तंगूस ४५-५० किलोला तुटतं, १.२ चं ६५ च्या पुढे जातं आणि १.४ चं जवळजवळ १ च्या दुप्पट. मग सगळ्यात जाडच घ्यावं ना? नाही. ४०० मीटर तंगूसाचं वजन काढलं तर १ मिलिमीटरचं साडेतीनशे ग्रॅम भरतं, १.२ चं पाचशेच्या वर आणि १.४ चं सातशे ग्रॅम, आणि यातली पुलीच्या पुढची अर्धी दोरी तुमचं विमान उचलून राहिलं. दोन मीटरच्या हलक्या विमानाला १ भरपूर झालं, तीन मीटरच्या फायबरवाल्याला १.२, आणि १.४ फक्त वारा जोरात असेल अन् विमान दणकट असेल तरच. दुसरी गोष्ट म्हणजे लाकडी पंखाचं विमान असेल तर दोरी पंखाच्या आधी तुटली पाहिजे, म्हणून मी कडीच्या आधी हातभर बारीक तंगूस लावतो, ०.८ चं. ते तुटलं तर पाच रुपयाचं नुकसान, पंख दुमडला तर तीन महिन्याची मेहनत गेली.

घेताना दुकानात काय पहायचं ते सांगतो. मासेमारीचं सामान विकणाऱ्याकडं जा, भंडारा-गोंदियाच्या बाजूला तलावं आहेत तिकडं अशी दुकानं सापडतात. रीळ उन्हात टांगलेलं असेल तर घेऊ नका, ऊन नायलॉनला कच्चं करतं. दोरीचं टोक बोटांच्या चिमटीत धरून दोन हात ओढा, कुठं जाड कुठं बारीक लागली तर परत करा. मधात गाठ मारलेलं रीळ घेऊच नका, ४०० मीटर सलग पाहिजे. आणि एक रीळ संपूर्ण एकाच दिवशी घ्या, दोन वेगळ्या दोऱ्या जोडल्या तर दोन्ही वेगवेगळ्या लांबतात आणि जोडाची गाठ पुलीत आदळत राहते.

ड्रमवर चढवताना रिळात आडवी सब्बल नाहीतर काठी घालून रीळ फिरू द्या. रीळ जमिनीवर उभं ठेवून, न फिरवता वरच्या कडेवरून दोरी ओढली की प्रत्येक वेढ्याला एक पीळ पडतो, चारशे मीटरला किती पीळ झाले ते तुम्हीच पहा, आणि मग पहिल्याच दिवशी गुंता. एका माणसानं जाड कापडात दोरी धरून हलका ताण द्यायचा, दुसऱ्यानं ड्रम फिरवायचा. ड्रमच्या कडा बोटानं तपासा, वेल्डिंगचा एखादा दाणा राहिला असेल तर कानसनं काढा, नाहीतर तो दोरी चाकूसारखी कापतो. ड्रम उलटा फिरून दोरी सुटू नये म्हणून ब्रेक पाहिजेच.

गाठीवर मी जास्त सांगणार आहे, कारण दोरी तुटते ती बहुतेक वेळा गाठीपाशीच. कोणतीही गाठ मारली की दोरीची ताकद कमी होते, वाईट गाठीनं अर्ध्यावर येते. जाड तंगूसाला इंग्रजी आठच्या आकाराची गाठ मारून फासा करायचा, म्हणजे टोक दुहेरी करा, त्या दुहेरी दोरीला वळसा द्या आणि फासा आतून काढा. विणलेल्या दोरीला वेगळं, दोरी दुहेरी करून कडीतून काढायची, साधी गाठ सैल ठेवायची, मग तो फासा पूर्ण कडीवरून पलीकडं टाकून ओढायचा. आणि कोणतीही गाठ आवळायच्या आधी ओली करा, थुंकी चालते, पाणी चालतं. मी हे एकदा घाईत केलं नाही, कोरडी गाठ जोरात ओढली, घासून आतल्या आत नायलॉन गरम झालं आणि गाठीजवळ पांढुरकं पडलं, मला दिसलंही, तरी चालून जाईल म्हणून लावलं. पाचव्या का सहाव्या उड्डाणाला विमान पन्नास मीटरवर नाक वर करून असताना दोरी गेली. ते विमान मी दोन पावसाळे बसून बनवलं होतं. तेव्हापासून पांढुरकी पडलेली गाठ दिसली की त्याच जागी कापतो, कोणी कितीही घाई करो.

दोरी वर तुटली तर काय करायचं ते इथंच सांगून टाकतो. लगेच नाक खाली, विचार करायचा नाही, पूर्ण खाली. विमान उभं असतं, ओढ गेली की वेग एका क्षणात संपतो आणि ते पंखावर पडतं. नाक खाली केलं, वेग आला, मग वळवा. बटनावरचा पाय पण त्याच क्षणी काढा.

टोकाला कडीच्या आधी भवरकडी लावा, जनावराच्या दाव्याला असते तशी पण बारीक, मासेमारीच्या दुकानात मिळते. ती पीळ खाऊन टाकते. तिच्या मागं कापडी झेंडी नाहीतर छोटं पॅराशूट. स्पर्धेच्या नियमात झेंडी कमीत कमी ५ चौरस डेसिमीटर पाहिजे, म्हणजे २० बाय २५ सेंटिमीटरचा तुकडा. रंग भडक घ्या, भगवा किंवा गुलाबी, वाळलेल्या वावरात खाकी कापड सापडत नाही. दोरी सुटल्यावर झेंडी हळू खाली येते आणि तेवढ्यात विंचवाला दोरी गुंडाळतो, बटन टप-टप दाबून, सलग नाही.

आता वावर. पऱ्हाटी काढल्यावर जे बुडखे राहतात ते दोरीचे खरे दुश्मन, तुरीचे तर त्याहून वाईट, तिरपे कापलेले असतात अन् टोकदार. पुली ते विंच अशी दोन मीटर रुंदीची पट्टी साफ करून घ्या, एक वखराची पाळी मारली तर सोन्याहून पिवळं. धुऱ्यावरची बाभूळ वाऱ्याच्या खालच्या बाजूला येणार नाही अशी जागा धरा. उन्हाळ्यात जमिनीला भेगा पडतात, दोरी भेगेत शिरली आणि विंचनं झटका दिला तर ढेकळाच्या कडेनं खरवडून निघते. पुलीचा खुटा वाळलेल्या काळ्या मातीत सब्बल मारून हातभर आत घाला. अवकाळी पाऊस झाला असेल तर त्या दिवशी एका खुट्यावर भरोसा ठेवू नका, मागं दुसरा ठोकून दोन्ही बांधा, सुटलेली पुली गोळीसारखी येते. पुली जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या वर नको, आणि तिचं बेअरिंग हातानं फिरवून बघा, अडकत असेल तर दोरी फिरण्याऐवजी घासते.

रोज उडवायच्या आधी पूर्ण दोरी चिमटीतून काढायची. चारशे मीटर चालत जाऊन-येऊन दहा मिनिटं लागतात. बोटांत ओलं सुती फडकं घ्या, माती पण निघते आणि जिथं खरड आहे तिथं फडकं अडकतं. सगळ्यात जास्त लक्ष कुठं द्यायचं, तर कडीकडचे पहिले वीस मीटर, कारण ते जमिनीवर घासतात आणि शेवटी पुलीवर आदळतात, आणि दुसरा म्हणजे कडीपासून दीडशे ते दोनशे मीटरमधला तुकडा. विमान चढताना पूर्ण ताणात पुलीवरून जातो तो हाच तुकडा, हे पुष्कळ जणांच्या लक्षात येत नाही. म्हणून मी हंगामाच्या मध्यात दोरी उलटवतो, विंचकडचं टोक कडीला आणि कडीचं विंचला, मग झिजलेला भाग पुलीच्या पलीकडं विंचकडं जातो. पहिले वीस मीटर महिन्या-दोन महिन्यानं कापून टाकतो. मध्ये खरड सापडली तर नख लावून बघा, नख अडकलं तर कापा आणि जोडा, पण एका दोरीत दोनपेक्षा जास्त जोड झाले की नवी आणा.

संध्याकाळी दोरी तशीच ताणलेली ड्रमवर सोडू नका. तंगूस ताणात गुंडाळलं जातं आणि नंतर आखडतं, शेकडो वेढे मिळून ड्रमला असं आवळतात की पातळ ड्रमच्या बाजू वाकतात. शेवटच्या उड्डाणानंतर दोरी पूर्ण वावरात पसरवा, पाच मिनिट पडू द्या आणि हलक्या हातानं परत गुंडाळा. ओली असेल तर सावलीत वाळवा, नायलॉन पाणी पितं आणि ओल्यात त्याची ताकद कमी होते, वाळलं की परत येते. टिनाच्या छपराखाली ठेवू नका, मे महिन्यात आपल्याकडं ४५ च्या वर पारा जातो आणि टिनाखाली अजून जास्त. उंदीर कुरतडतात म्हणून पत्र्याच्या डब्यात. आणि बॅटरीच्या शेजारी अजिबात नको, बॅटरीतलं आम्ल नायलॉन खातं, एक थेंब पुरे, डाग दिसतही नाही अन् दोरी तिथंच तुटते. विंच आणि बॅटरी एकाच पेटीत ठेवणारे लय आहेत, त्यांनी आजच वेगळं करावं.

माणसांचं आणि पाखरांचं. नायलॉन मांजावर हरित लवादानं २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, संक्रांतीला नागपुरात गळे कापल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो. आपल्या दोरीला काच नसते पण रस्त्यावर आडवी पडली तर मोटरसायकलवाल्याच्या गळ्याला ती पण तेच करते. एकदा वारा फिरला आणि आमची झेंडी पांदण रस्त्यापलीकडं जाऊन पडली, तिकडून एक माणूस गाडीवर येत होता, आमच्यातला एकजण पळत गेला म्हणून वाचला तो. तेव्हापासून रस्त्याच्या बाजूला एक माणूस कायम उभा असतो आणि वारा बाजूनं असला की उडवणं बंद. विजेच्या तारा वाऱ्याच्या खाली असतील तर ते वावरच सोडा. बकऱ्या, गाई पट्टीत आल्या की थांबा, राखणाऱ्याला आधीच सांगून ठेवलेलं बरं.

टाकलेली दोरी धुऱ्यावर फेकू नका, पाखरांच्या पायात गुंतते आणि गुरं चाऱ्याबरोबर गिळतात. मी वितभर तुकडे करून बाटलीत भरतो आणि शहरात जाताना कचऱ्यात देतो. जो चांगला लांब भाग उरतो तो आईनं परसात वालाच्या मांडवाला बांधून घेतला आहे, दोन वर्षं झाली, अजून टिकून आहे.