यंत्राला कोरं पान देऊ नका : एआय आणि क्रिएटर यांनी मिळून सोशल मीडियाचा मजकूर कसा करावा

पाठीवरच्या एका सॅकच्या जाहिरातीसाठी मी एआयकडे कॅप्शन मागितली. काही सेकंदांत उत्तर आलं, ‘तुमच्या प्रत्येक प्रवासाची विश्वासू सोबती! स्टाईल आणि आराम यांचा अनोखा संगम.’ यात चूक काढायला जागा नाही. पण सॅकच्या जागी छत्री, चप्पल नाहीतर हेडफोन ठेवून बघा, वाक्य जवळजवळ तसंच्या तसं चालतं.

मग तिचा व्हिडिओ करणाऱ्या क्रिएटरला फोन लावला. ती म्हणाली, ‘चेन मस्त आहे, ओल्या हातानेही एका ओढीत उघडते. पण बाजूच्या खिशात भरलेली बाटली ठेवली ना, की टेबलावर ठेवल्या ठेवल्या कलंडते बघ. मी आता बाटली मधल्या कप्प्यात टाकते.’ हे यंत्राला सुचणं शक्य नव्हतं. त्याने सॅक कधी टेबलावर ठेवलेलीच नाही.

बहुतेक ठिकाणी यंत्र लिहितं आणि माणूस त्यावर हात फिरवतो. हा क्रम बदला. आधी माणसाने बोलायचं, मग यंत्राने त्या बोलण्याची कापणी करायची आणि शेवटचा हात पुन्हा माणसाचा.

१. काम वाटून घ्या

गेल्या महिन्यातल्या पोस्ट समोर ठेवा आणि प्रत्येकीमागे वेळ कुठे गेला ते लिहा. सबटायटल टाकणं, व्हिडिओ उभ्या-आडव्या मापांत कापणं, एकाच मजकुराच्या चार आवृत्त्या करणं हे यंत्राला द्या. वस्तू वापरणं, मत देणं, कॅमेऱ्यासमोर बोलणं आणि चिडलेल्या गिऱ्हाइकाला उत्तर देणं माणसाकडे ठेवा. यादी एका पानात मावते, त्यासाठी मीटिंग लावू नका.

२. क्रिएटरला बोलतं करा

सगळी मेहनत इथे घ्या. पुढच्या पायऱ्या इथे जमलेल्या मालावरच चालतात.

क्रिएटरने वस्तू निदान आठवडाभर वापरलेली असावी. मग आठ-दहा मिनिटांची व्हॉइस नोट मागा. ‘कशी वाटली?’ असं विचारलंत तर ‘छान वाटली’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी विचारा, कुठे अडलं? तिसऱ्या-चौथ्या दिवशी कोणती सवय बदलावी लागली? आधीची कोणती वस्तू आता वापरत नाहीस? आणि सगळ्यात कामाचा प्रश्न, ही वस्तू कोणाला घेऊ नको म्हणशील? या शेवटच्या प्रश्नाने ब्रँडवाल्यांना घाम फुटतो, पण ऐकण्यासारखं जे काही असतं ते बहुधा त्याच्याच उत्तरात सापडतं.

नोट यंत्राकडून उतरवून घ्या. मराठीत मधेमधे इंग्रजी शब्द आले की, आणि विशेष नावं व आकडे आले की, उतरवण्यात गफलत होते. म्हणून मूळ आवाज ऐकत मजकुरावरून एकदा नजर फिरवा. फक्त ‘ना’, ‘बघ’, ‘म्हणजे कसं’ हे पुसू नका. त्या बोलण्याची चाल त्यांच्यातच आहे.

३. यंत्राला नेमकं काय सांगायचं

मी देतो ती सूचना साधारण अशी असते : ‘खाली एका क्रिएटरचं बोलणं दिलं आहे. त्यावरून इन्स्टाग्रामसाठी तीन कॅप्शन कर. बोलण्यात नसलेली एकही माहिती घालू नकोस. तक्रारी गाळू नकोस. तिचे शब्द जमतील तितके तसेच ठेव. प्रत्येक दाव्यापुढे तो ज्या मूळ वाक्यावरून घेतला ते वाक्य कंसात लिही.’

‘तक्रारी गाळू नकोस’ हे वाक्य मी ठेच लागल्यावर घातलं. त्याशिवाय काढलेल्या मसुद्यांत कलंडणारी सॅक गायब झाली होती आणि तिच्या जागी ‘पाण्याच्या बाटलीसाठी सोयीस्कर खिसा’ आला होता. यंत्राने तक्रारीची तारीफ करून टाकली! जाहिरातीचा मजकूर म्हणजे सगळं गोड, असं त्याने वाचलेल्या ढीगभर जाहिरातींवरून गृहीत धरलं होतं.

लांबीही सांगून टाका. इन्स्टाग्रामची कॅप्शन २,२०० अक्षरांपर्यंत जाते, पण फीडमध्ये सुरुवातीच्या एक-दोन ओळीच दिसतात, बाकीचं ‘आणखी’च्या मागे. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) साध्या खात्याला २८० अक्षरं. म्हणून पहिल्या ओळीचे दहा पर्याय वेगळे मागा. त्यातले नऊ फेकायचेच असतात.

४. हात फिरवा

यंत्राचं मराठी ओळखू येतं. ‘चला तर मग जाणून घेऊया’, ‘अनोखा संगम’, ‘एका नव्या उंचीवर’, ‘केवळ सॅक नाही, तर एक अनुभव’. अशा शब्दांची काळी यादी करा आणि दर वेळी सूचनेसोबत चिकटवा. यादी वाढत जाते, माझी आता दीड पान झाली आहे.

मग मजकूर क्रिएटरला मोठ्याने वाचायला सांगा. जीभ अडखळली की तिथे वाक्य मोडा. ‘मी असं बोलत नाही’ असं ती म्हणाली की वाद घालू नका. चेहरा तिचा, शब्दही तिचाच राहणार.

५. दावे तपासा

कंसातली मूळ वाक्यं इथे उपयोगी पडतात. ज्या दाव्यापुढे वाक्य नाही, तो उडवा. वाक्य असलं तरी ते खरंच व्हॉइस नोटमध्ये आहे का ते पाहा, कारण यंत्र अवतरणसुद्धा रचून देतं. वजन, माप, किंमत, हमी हे कंपनीच्या कागदावरूनच घ्या. आणि कोणी न वापरलेल्या वस्तूचा ‘अनुभव’ यंत्राकडून लिहून घेऊ नका. अमेरिकेत तर खोट्या रिव्ह्यूंवर बंदी घालणारा नियम ऑक्टोबर २०२४ पासून लागू आहे आणि एआयने रचलेले रिव्ह्यूही त्यात येतात.

६. चित्र, आवाज आणि लेबल

विकायच्या वस्तूचं चित्र एआयकडून बनवून घेऊ नका. चित्रातली शिवण आणि हातात पडलेली शिवण जुळली नाही की गिऱ्हाईक तुम्हालाच धरणार. पार्श्वभूमी, मजकुरामागची नक्षी, स्टोरीबोर्ड (व्हिडिओतल्या दृश्यांचा चित्रांतला आराखडा) यांना हरकत नाही.

लेबलचे नियम प्रत्येक ठिकाणी वेगळे आहेत. यूट्यूबने मार्च २०२४ मध्ये खऱ्यासारखी दिसणारी कृत्रिम किंवा बदललेली दृश्यं जाहीर करण्याची सोय आणली. स्क्रिप्टची कल्पना किंवा सबटायटल एआयकडून घेतली तर तिथे सांगावं लागत नाही. इन्स्टाग्रामची मालक कंपनी मेटाने त्याच वर्षी ‘मेड विथ एआय’ असं लेबल आणलं. किरकोळ डागडुजी केलेल्या खऱ्या फोटोंवरही ते चिकटू लागल्यावर फोटोग्राफर चिडले आणि काही महिन्यांत त्याचं ‘एआय इन्फो’ झालं. यावरून धडा घ्यायचा तर मूळ फाइल कायम जपून ठेवा, शंका आली तर दाखवता येते.

क्रिएटरच्या आवाजाची किंवा चेहऱ्याची नक्कल वापरणार असाल तर लेखी परवानगी घ्या. कशासाठी, किती दिवस आणि कुठल्या भाषेत हे त्यात स्पष्ट असू द्या. ‘कराराच्या कलमात येतंच ते’ असं म्हणून पुढे जाऊ नका.

७. कॉमेंट आणि मेसेज

यंत्राला आलेल्या कॉमेंट आणि मेसेजची वर्गवारी करू द्या. प्रश्न कोणते, तक्रारी कोणत्या, नुसते हृदयाचे इमोजी कोणते. नेहमीच्या प्रश्नांची उत्तरं त्याने सुचवावीत, पण ‘पाठवा’ माणसाने दाबावं. एअर कॅनडा या विमान कंपनीच्या चॅटबॉटने (आपोआप उत्तरं देणाऱ्या यंत्राने) एका प्रवाशाला सवलत तिकीट काढल्यानंतरही मागता येते असं चुकीचं सांगितलं होतं. चॅटबॉट त्याच्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, असा युक्तिवाद कंपनीकडून झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. पैसे, परतावा, हमी यांचा उल्लेख असलेला प्रत्येक मेसेज थेट माणसाकडे जाऊ द्या.

८. पुढच्या नोटची तयारी

दोन आठवड्यांनी आकडे बघा, पण लाइकवर थांबू नका. किती जणांनी सेव्ह केलं, किती जणांनी पुढे पाठवलं आणि कॉमेंटमध्ये काय विचारलं? सॅकच्या पोस्टखाली कलंडण्यावरून कोणी नावं ठेवली नाहीत. पुन्हा पुन्हा एकच प्रश्न आला, ‘बाटली मधल्या कप्प्यात टाकल्यावर लॅपटॉप कुठे ठेवता?’ क्रिएटरकडे मागितलेल्या पुढच्या व्हॉइस नोटचा तोच पहिला प्रश्न होता.