ईसीजी काढताना जागा चुकू नये म्हणून

हृदयाची विद्युत हालचाल त्वचेपर्यंत पोचते ती जेमतेम मिलिव्होल्टभर. यंत्र दोन जागांमधला हाच फरक मोजतं. त्यामुळे त्वचेवर लावलेला इलेक्ट्रोड सरकला की हृदय तेच असूनही आलेख बदलतो.

बारा लीडसाठी (लीड म्हणजे हृदयाकडे एकेका बाजूने पाहणारी आलेखातली नोंद) इलेक्ट्रोड दहाच: चार हातापायांना, सहा छातीवर. रंगांची पद्धत सगळीकडे एक नसते, म्हणून वायरवरची अक्षरं वाचूनच लावा. रुग्णाला उताणं झोपवा, हात सैल. त्वचा पुसून कोरडी करा. जेल थोडंच लावा. शेजारच्या दोन इलेक्ट्रोडच्या कपांखालचं जेल एकमेकांत मिसळलं, तर दोन्ही लीड सारख्याच दिसू लागतात.

खरी मेहनत छातीवर आहे. तिथल्या सहा इलेक्ट्रोडची नावं व्ही1 ते व्ही6. गळ्याखालच्या खळग्यातून बोट मधल्या हाडावरून खाली न्या. सुमारे 5 सेंटिमीटरवर आडवा उंचवटा लागतो. त्याच्या बाजूची बरगडी दुसरी, तिच्याखालची फट दुसरी. आणखी दोन फटी उतरा. चौथ्या फटीत हाडाला लागून, रुग्णाच्या उजवीकडे व्ही1, डावीकडे व्ही2. आता व्ही3 सोडून आधी व्ही4 लावा: पाचवी फट, कॉलरबोनच्या मध्यातून खाली येणारी रेषा. मग व्ही2 आणि व्ही4 च्या मधोमध व्ही3. व्ही5 काखेच्या पुढच्या कडेच्या रेषेत, व्ही6 काखेच्या मध्यरेषेत. दोन्ही व्ही4 च्याच आडव्या पातळीत हवेत. बरगडीच्या वळणाबरोबर वर चढू नका.

व्ही1 आणि व्ही2 जागेपेक्षा उंच लागणं ही नेहमीची चूक. व्ही2 मधली पी लहर (ठोक्यातली पहिली छोटी लहर) उलटी दिसली, तर आधी फटी पुन्हा मोजा. लीड 1 (दोन हातांमधला फरक) मध्ये सगळंच उलटं आणि एव्हीआर (उजव्या हाताची लीड) सरळ असेल, तर हातांच्या वायरींची अदलाबदल झालेली असते. हृदय उजवीकडे असलेल्या माणसातही असंच दिसतं, पण त्याच्यात व्ही1 ते व्ही6 आर लहर (ठोक्यातली वर जाणारी टोकदार लहर) वाढत जात नाही.

कागदाचा वेग सेकंदाला 25 मिलिमीटर, आलेखाची उंची मिलिव्होल्टला 10 मिलिमीटर. कागदावरची 1 मिलिव्होल्टची चौकोनी खूण 10 मिलिमीटर उंच भरते का, ते बघा.

रेषेवर बारीक एकसारखी दाटी म्हणजे विजेचा व्यत्यय: जवळचे चार्जर काढा. वेडीवाकडी थरथर स्नायूंची असते, थंडी वाजत असेल तर पांघरूण द्या. रेषा हेलकावते ती बहुधा श्वासाने किंवा ढिल्या इलेक्ट्रोडमुळे. फिल्टर लावून रेषा देखणी करण्याची घाई नको. मंद हेलकावे गाळणारा खालच्या बाजूचा फिल्टर 0.5 हर्ट्झला ठेवला तर एसटी भागाचा (मोठ्या लहरीनंतरच्या सपाट तुकड्याचा) आकार बिघडू शकतो. तो 0.05 वर असू द्या.